अठ्ठ्याऐंशी की अठ्ठ्याण्णव?

करोनाच्या साथीने देशातला पहिला बळी घेतला तो आपल्या कलबुर्गीत, मार्च 2020 मध्ये. पुढे टाळेबंदी आली, सीमेवर नाकी बसली, मुंबई-पुण्याहून परतलेली माणसे मे महिन्यात गावोगावच्या शाळांत विलगीकरणात राहिली. 2021 च्या फेब्रुवारीपासून तर महाराष्ट्रातून येणाऱ्याला 72 तासांच्या आतील तपासणीचा दाखला दाखविल्याखेरीज कर्नाटकात पाऊल टाकता येईना. औरादच्या माणसाला उदगीर आणि आळंदच्या माणसाला अक्कलकोट म्हणजे परमुलूख झाला. हे सारे आपण भोगले आहे, ते पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. त्या काळात आणखी एक गोष्ट घडली, तिची नोंद मात्र फारशी कोणी केली नाही. साथीच्या नियमाने नातेवाइकाला रुग्णालयाच्या दारात थांबविले गेले, तेव्हा रुग्णाचा दुभाषीही दाराबाहेर राहिला.

आपल्याकडे आजीला दवाखान्यात नेतो तो नातू. आजीला मराठीखेरीज दुसरे काही येत नाही. परिचारिका कन्नड बोलते, डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी. मधल्या खाचखळग्यांत दखनी हिंदी घालून वेळ निभावतात. नातू कन्नड शिकलेला असतो, तो दोहों बाजूंचे बोलणे इकडून तिकडे करतो. त्याला कोणी दुभाषी म्हणत नाही, तो स्वतःलाही म्हणवून घेत नाही. पाणी शेंदावे तसे हे घरचे एक काम. करोनाच्या वॉर्डात हाच मुलगा नव्हता. तोंडाला पट्टी, अंगावर पांढरा झगा, ओठ हलतात की नाही तेही दिसत नाही, अशा माणसांच्या मधोमध म्हातारी एकटी. ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी तो कोणाकरवी आत दिला आणि नातू बाहेर झाडाखाली उभा राहून फोनवरून भाषा पुरवू लागला.

ही फोनवरची दुभाषेगिरी जगाला नवी नव्हती. ऑस्ट्रेलियात सरकारने 1973 साली परदेशातून आलेल्या लोकांसाठी फोनवर दुभाषी देण्याची सोय सुरू केली. पण तिथे फोन उचलणारा माणूस त्या कामासाठी निवडलेला असतो. आपल्या मुलांना ते काम न शिकता करावे लागले, आणि तेही घरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना.

शिकण्यासारखे त्यात आहे तरी काय, असे कोणी विचारील. दोन्ही भाषा येतात, मग झाले! दोन्ही काठ पाहिले म्हणून मांजरेत नाव हाकता येत नाही, एवढेच उत्तर देऊन थांबता आले असते. पण उदाहरण दिलेले बरे.

रक्तातील प्राणवायूचा आकडा त्या दिवसांत घरोघर पाठ झाला होता. 95 च्या वर असेल तर निर्धास्त, 94 च्या खाली गेला की सावध, 90 च्या खाली गेला की प्रकरण गंभीर. आता मराठीत 88 आणि 98 मोठ्याने म्हणून पाहा. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याण्णव. दोन्हींची सुरुवात एकच, फरक काय तो शेपटाला. फोनची रेंज जाते-येते, शेवटचे अक्षर हवेत विरते, आणि ऐकणाऱ्याच्या कानी राहते ते नुसते ‘अठ्ठ्या’. कन्नडमध्ये नेमके उलट. 88 म्हणजे एंबत्तेंटु, 98 म्हणजे तोंबत्तेंटु. तिथे दशक आधी येते आणि एकक मागून, शेपूट दोन्हींचे सारखे, फरक डोक्याला. म्हणजे मराठी आकडा ऐकताना कान शेवटावर ठेवायचा, कन्नड ऐकताना सुरुवातीवर, आणि एका भाषेतून दुसरीत नेताना दशक-एककाची उलथापालथ क्षणात करायची. घरी बसून सावकाश करायचे तर चौथीचे पोरही करील. पण समोर डॉक्टर घाईत, फोनमध्ये खरखर, आणि आकडा आपल्या आजीचा असेल तेव्हा?

दुभाष्यांना शिकविताना आकड्यांचा सराव म्हणूनच वेगळा घेतात. पहिला धडा असा की आकडा डोक्यात ठेवायचा नाही, ऐकताक्षणी कागदावर अंकांत उतरवायचा आणि कागदावरून वाचायचा. दुसरा धडा, शंका आली की अंक सुटे करून विचारायचे, ‘आठ-आठ की नऊ-आठ?’ विचारण्यात कमीपणा नाही. दीड, अडीच, पावणेतीन हे आपले अपूर्णांकही असेच कसोटी पाहतात. मराठी अडीच म्हणजे कन्नडचे एरडूवरे, दोन आणि वर अर्धा. गोळी अडीच घ्यायची की दीड, हे नुसत्या अंदाजावर सोडता येत नाही.

दुसरा सापळा याहून गोड आहे. मराठी आणि कन्नड शेजारणी, आठशे-हजार वर्षांची उसनवारी. संस्कृतातून दोघींनी तेच शब्द घेतले, पण वापरता वापरता अर्थ वेगळे झाले. कन्नडमध्ये ‘खंडित’ म्हणजे नक्की, हमखास. मराठीत खंडित म्हणजे तुटलेले, मध्येच थांबलेले. औषध ‘खंडित’ घ्या असे कन्नड परिचारिका सांगते तेव्हा तिला न चुकता घ्या म्हणायचे असते, आणि अर्धवट ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटते, मधून मधून घेतले तरी चालते. कन्नडमधला ‘अवसर’ म्हणजे घाई, आपला अवसर म्हणजे सवड. ‘अवसर नाही’ हे वाक्य दोन्ही भाषांत होते, आणि अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट. कन्नड ‘अनुमान’ म्हणजे संशय, मराठी अनुमान म्हणजे तर्क. साक्षीदाराचा हा शब्द कोर्टात चुकीचा उतरला तर तर्क बांधणारा शेजारी संशय घेणारा शेजारी ठरतो. आणि आपल्या निजामी वारशातला ‘राजीनामा’ तर तीन भाषांच्या तिठ्यावर उभा आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये त्याने नोकरी सुटते, उर्दू दस्तात त्याने भांडण मिटते. जुन्या जमिनीच्या कागदावर हा शब्द दिसला की वाचणाऱ्याने दोनदा थांबावे.

शब्दांपलीकडे दुखणे सांगण्याच्या तऱ्हा आहेत. ‘जीव घाबरा होतोय’ असे म्हातारी म्हणते. नातवाने त्याचे कन्नड ‘हेदरिके’, म्हणजे भीती, असे केले की डॉक्टर धीर देतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. म्हातारीला भीती वाटत नव्हती, तिला श्वास पुरत नव्हता. कणकण, कसनुसे होणे, पोटात कालवणे, ग्लानी येणे, यांतला एकेक शब्द हा एकेक लक्षण आहे. शिकलेला दुभाषी अशा वेळी स्वतःच्या मनाने अर्थ ठरवीत नाही. तो रुग्णाला विचारतो, ‘धाप लागते का, छाती धडधडते का?’ आणि आपण हे विचारले असे डॉक्टरलाही सांगतो. एका बाजूशी जे बोलले ते दुसऱ्या बाजूला कळविल्याशिवाय ठेवायचे नाही, हा या धंद्याचा पाया आहे.

घरच्या दुभाष्याची मोठी अडचण भाषेची नसून नात्याची असते. आजी पाच मिनिटे बोलते, नातू म्हणतो, ‘ताप आहे म्हणते.’ डॉक्टर वाईट बातमी सांगतो, नातू म्हणतो, ‘सगळं ठीक आहे, आजी.’ प्रश्न आजीला विचारला जातो आणि उत्तर नातूच देऊन मोकळा होतो. हे सारे प्रेमापोटी होते, त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण गर्भाशयाच्या दुखण्याची गोष्ट आई मुलाच्या तोंडून कशी सांगणार? ती सांगतच नाही. म्हणून शिकलेल्या दुभाष्याचा नियम असा की त्याने प्रथमपुरुषात बोलायचे. ‘तिला दुखतंय म्हणते’ असे नाही, ‘मला दुखतंय’ असे. ऐकायला विचित्र वाटते. पण या एका बदलाने दुभाषी मधून बाजूला होतो आणि रुग्ण व डॉक्टर समोरासमोर येतात.

या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास ती आपल्याला परकी नाही. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. निजामाच्या राज्यात तर भाषांतराचे मोठे खातेच होते. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून निघाले आणि त्याची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी हैदराबादेत भाषांतराची कचेरी बसली. विद्वानांची सोय झाली. भालकी-हुमनाबादच्या कुणब्याच्या वाट्याला मात्र कचेरीबाहेरचा अर्जनवीसच आला. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले, कागदाची उर्दू गेली, कन्नड आली, आणि अर्जनवीसाची जागा शाळकरी नातवाने घेतली.

योगायोग असा की त्याच 1956 साली जिनिव्हात झाँ-फ्राँस्वा रोझाँ या दुभाष्याने टिपणे कशी घ्यावीत यावर लहानसे पुस्तक काढले. अजूनही जगभरचे विद्यार्थी त्यातून शिकतात. बोलणाऱ्याचे शब्द लिहू नका, कल्पना लिहा. शब्द आडवे न लिहिता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या मांडा. बाण, रेघा, थोडी चिन्हे, बस्स. बोलणारा थांबला की ती पायरी उतरत दुसऱ्या भाषेत बोलायचे. याला क्रमाने करायचा दुभाषा म्हणतात. दुसरा प्रकार, वक्ता बोलत असतानाच कानावर यंत्र लावून मागोमाग बोलायचा. तो जगाला खऱ्या अर्थाने दिसला 20 नोव्हेंबर 1945 ला सुरू झालेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषा एकाच वेळी चालत. दुभाष्याला वेग झेपेना झाला की वक्त्यासमोर पिवळा दिवा लागे, म्हणजे हळू बोला. लाल लागला की थांबा. फाशीच्या खटल्यातसुद्धा दुभाष्यासाठी न्यायालय थांबत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही विद्या वर्गात, काचेच्या खोलीत, जोडीदाराशेजारी बसून शिकायची. वीस-तीस मिनिटांनी एकाने थांबावे, दुसऱ्याने सुरू करावे. आकडा आला की शेजाऱ्याने तो कागदावर लिहून पुढे सरकवावा. मार्च 2020 मध्ये जगातली विद्यापीठे बंद झाली आणि हे सगळे संगणकाच्या पडद्यावर गेले. शेजारी गेला, कागद गेला. विद्यार्थी दोन उपकरणे घेऊन बसू लागले, एकावर वक्त्याचा आवाज, दुसऱ्यावर जोडीदाराचे निरोप. आवाज अर्ध्या सेकंदाने मागे, त्यामुळे वक्ता आणि दुभाषी एकमेकांवर आदळत. साध्या फोनच्या तारेतून आवाजाचा फक्त मधला पट्टा जातो, सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ. दुभाष्यांच्या यंत्रणेसाठी आंतरराष्ट्रीय मानक मागते 125 ते 15,000. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण वरचा पट्टा कापला की ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी सुस्काऱ्याची अक्षरे पुसट होतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. बरे, ताण देऊन ऐकत राहिले तर कानच जातात. कॅनडाच्या संसदेत पडद्यावरून चाललेल्या बैठकांमुळे दुभाष्यांच्या कानांना इजा होऊ लागली, आणि 2023 साली तिथल्या कामगार खात्याला बोलणाऱ्यांनी नीट मायक्रोफोन वापरावा असा दंडक घालावा लागला.

खुणांच्या भाषेचे दुभाषे तयार करणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषेची संस्था 2015 सालची. तिने फेब्रुवारी 2021 मध्ये, ऐन साथीत, 10,000 शब्दांचा खुणांचा कोश पुरा केला. पण खूण ही हात, चेहरा आणि खांदे मिळून होते. पडद्याच्या चौकटीबाहेर कोपर गेले की शब्द गेला. रेंज अडखळली की हात हवेत गोठतो आणि अर्धा शब्द वेगळाच शब्द होऊन बसतो. त्यात मास्कने कर्णबधिरांचे ओठ वाचणेही बंद केले होते.

तरीही या पडद्यावरच्या शिकवणीने एक दार उघडले, असे माझे मत आहे. काचेच्या खोलीतले शिक्षण मोठ्या शहराबाहेर कधी येणार नव्हते. पडद्यावरचे शिक्षण जिथे रेंज आहे तिथवर येते. विद्यार्थ्याचे बोलणे आपोआप मुद्रित होते, ते पुन्हा ऐकता येते, आणि स्वतःचे गाळलेले वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकण्यासारखा गुरू नाही. शिवाय साथीनंतर दुभाष्याचे पुष्कळसे काम फोनवर आणि पडद्यावरच होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने 6 एप्रिल 2020 च्या आदेशाने दूरदृश्य सुनावणीला वाट करून दिली, ती वाट पुढे मोडली नाही. म्हणजे ज्या अडचणीत शिकलो त्याच अडचणीत काम करायचे. शिक्षण आणि धंदा इतके जुळणे दुर्मीळच.

आता थोडी मौज पाहा. ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ पाहणारी मराठी मुले ‘नाटी’ या संस्थेची एक परीक्षा देतात. दोन संवाद, प्रत्येक सुमारे 300 शब्दांचा, एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. एका वेळी जास्तीत जास्त 35 शब्द ऐकवितात, तेवढ्याचा दुभाषा लगेच बोलून दाखवायचा. 90 पैकी 63 गुण मिळाले, आणि प्रत्येक संवादात 45 पैकी किमान 29, की उत्तीर्ण. त्याबद्दल कायम वास्तव्याच्या अर्जात 5 गुण वाढतात. साथीच्या काळात ही परीक्षाही ऑनलाइन झाली, मुले घरी बसून ती देऊ लागली. विषय काय असतात? दवाखाना, शाळा, विमा, पोलीस, कोर्ट. म्हणजे कमलनगरचा, हुलसूरचा मुलगा दहाव्या वर्षापासून जे करीत आला तेच. तिकडे त्याचे 5 गुण, इकडे एक कप चहा. तोही बहुधा स्वतःच्या पैशाचा.

कायद्यात आपली बाजू कोरी नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उघड्या न्यायालयात सांगावी, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 279 म्हणत होते. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिने ही तरतूद कायम ठेवली. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे दुभाष्यालाही साक्षीदारासारखी शपथ घ्यावी लागते. घटनेचे कलम 350 सांगते की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचा उल्लेख आहे. उणीव आहे ती या वाक्यांना माणूस मिळण्याची. जिल्हा रुग्णालयात एक मराठी-कन्नड दुभाषी नेमा, ही मागणी सीमावादाच्या कोणत्याही बाजूची नाही. बीदरच्या गादीची फेररचना न करता ती पुरी होऊ शकते. आणि सोलापुरात किंवा लातुरात उपचाराला गेलेल्या कन्नड आजीलाही अशाच माणसाची गरज असते, हे आपण विसरता कामा नये.

मोबाइल भाषांतर करतो की, असे तरुण मंडळी म्हणतात. करतो, आणि दिवसेंदिवस बरे करतो. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्पही 2022 पासून त्याच मार्गावर आहे. पण यंत्र शपथ घेत नाही, आणि ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे नेमके काय असे म्हातारीला उलटून विचारीत नाही. तोवर माणूस लागणारच.

तो माणूस घरच्या घरी कसा तयार करावा, याची सुरुवात फुकट आहे. संध्याकाळी आकाशवाणीच्या कन्नड बातम्या लावाव्यात. पहिले आठ दिवस निवेदकाच्या मागोमाग, दोन-तीन शब्दांच्या अंतराने, कन्नडच पुन्हा म्हणावे. यात अर्थ बदलायचा नाही, फक्त ऐकणे आणि बोलणे एकदम करण्याची सवय लावायची. जीभ सरावली की तीच बातमी मराठीत म्हणावी, दोन मिनिटे, जास्त नाही. फोनवर मुद्रित करावे आणि ऐकावे. मग धाकट्या भावाला समोर बसवून त्याला मराठीत आकडे सांगायला लावावेत, 47, 74, 88, 98, अडीच, पावणेदोन, आणि आपण ते अंकांत लिहून कन्नडमध्ये वाचावेत. दहा आकड्यांत एकही चुकला नाही, असे लागोपाठ तीन दिवस झाले, की भावाला फोन घेऊन अंगणाच्या पार टोकाला उभे करावे, आणि तेच आकडे फोनवरून सांगायला लावावेत.